पात्रतेची रेषा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं बॉथेल हे गाव दोन काउंट्यांत विभागलेलं आहे. दक्षिणेचा भाग किंग काउंटीत येतो, उत्तरेचा स्नोहोमिश काउंटीत. सॅमॅमिश नदीच्या काठी लाकूडतोडीवर वाढलेली ही वस्ती १९०९ साली रीतसर नगर झाली. लाकडाचा धंदा केव्हाच मागे पडला. आता इथे १९९० साली सुरू झालेली वॉशिंग्टन विद्यापीठाची शाखा आहे, जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या आहेत, आणि रेडमंड, बेलव्ह्यू, सिएटलला सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी माणसांची घरं आहेत. नगराचं घोषवाक्य मोठं आतिथ्यशील आहे : एका दिवसासाठी या, किंवा आयुष्यभरासाठी. पण इथल्या कितीतरी मराठी घरांत दिवस की आयुष्य, हे घरातली माणसं ठरवत नाहीत. ते कायद्याच्या इंग्रजीतलं एक विशेषण ठरवतं. ते विशेषण म्हणजे ‘एलिजिबल’, आपल्या सरकारी मराठीत ‘पात्र’.

शब्द सभ्य आहे. अर्जांत, नियमावलीत, निकालपत्रांत तो नेहमी शांतपणे येतो. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘निवडणे’ या क्रियापदात आहे. एलिजिबल म्हणजे निवडला जाण्याजोगा. निवड म्हटली की निवडणारा आलाच, पण हा शब्द निवडणाऱ्याचं नाव घेत नाही. ‘तो उंच आहे’ आणि ‘तो पात्र आहे’ ही वाक्यं व्याकरणात सारखीच दिसतात. उंची मात्र त्या माणसाची स्वतःची असते. पात्रता कुणीतरी केलेल्या नियमात असते. नियम बदलला की माणूस तोच राहतो आणि पात्रता निघून जाते. हा साधा फरक आपण विसरतो, आणि विसरल्याची किंमत दोघांना मोजावी लागते. अपात्र ठरलेला स्वतःला उणा समजू लागतो, आणि पात्र ठरलेला नियमाच्या कृपेला स्वतःची गुणवत्ता समजू लागतो. मला यातली दुसरी चूक अधिक घातक वाटते, कारण तिच्यापायी माणूस शेजाऱ्याचा हात सोडतो. हिंदुस्थानी लोकांचा या प्रदेशातला इतिहास याची साक्ष देतो.

बॉथेलच्या उत्तरेला एव्हरेट आहे आणि त्याहून उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळ, बेलिंगहॅम. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅमच्या लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांवर जमाव चालून गेला आणि त्यांना गाव सोडायला लावलं. ते बहुतेक पंजाबी शीख होते. स्थानिक लोक सगळ्यांना ‘हिंदू’च म्हणत. दोनच महिन्यांनी एव्हरेटमध्ये तेच घडलं. पुढच्या काही वर्षांत याच राज्यात मराठी तरुणही आले. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे १९११ मध्ये सिएटलला यंत्र अभियांत्रिकी शिकायला आले. दोघंही हिंदुस्थानातली इंग्रज राजवट उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीत उतरले. पिंगळ्यांना नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात गदरच्याच कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी झाली. खानखोजे पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. आज या परिसरात नांदणाऱ्या मराठी समाजाची मुळं शोधायची तर ती सॉफ्टवेअरच्या आधी, या माणसांपाशी जातात.

त्या काळात इथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या हिंदुस्थानी माणसासमोर १७९० चा नागरिकत्वाचा कायदा उभा होता. त्यानुसार परदेशी व्यक्तींपैकी फक्त ‘स्वतंत्र गोरी व्यक्ती’ नागरिक होऊ शकत असे. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा त्यात समावेश झाला. मधले सगळे, म्हणजे चिनी, जपानी, हिंदुस्थानी, कुठे बसतात हे न्यायालयं एकेका खटल्यात ठरवू लागली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये गोरे ठरले. अक्षयकुमार मोझुमदार १९१३ मध्ये याच राज्यातल्या स्पोकेनच्या न्यायालयात गोरे ठरले. आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, शुद्ध रक्ताचे आहोत, असं त्यांनी सांगितलं होतं.

मग भगतसिंग थिंड यांचा खटला उभा राहिला. थिंड १९१३ मध्ये सिएटलला उतरले, लाकूडगिरण्यांत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले. टकोमाजवळच्या कॅम्प लुईसमध्ये असताना, डिसेंबर १९१८ मध्ये, लष्करी गणवेशातच त्यांनी नागरिकत्व घेतलं. चार दिवसांत ते काढून घेण्यात आलं. ऑरेगनमध्ये १९२० साली ते पुन्हा मिळालं, तेव्हा सरकारनं त्याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

थिंड यांची बाजू अशी मांडली गेली : उत्तर हिंदुस्थानातले उच्चवर्णीय आर्य आहेत, आर्य कॉकेशियन आहेत, कॉकेशियन म्हणजे गोरे. पुढे असंही सांगण्यात आलं की लग्नसंबंधाच्या बाबतीत अमेरिकी गोरा माणूस काळ्या माणसाकडे जसा पाहतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्याकडच्या आदिवासींकडे पाहतो. म्हणजे आपण तुमच्यातले आहोत याचा पुरावा म्हणून आपणही कुणाला तरी तुच्छ लेखतो हे पुढे केलं गेलं. हे वाचताना आजही मान खाली जाते. यात थिंड यांना एकट्याला दोष देता येणार नाही. कायद्यानं एकच दार ठेवलं होतं, आणि त्या दाराची उंची गोरेपणात मोजली जात होती. पण दारातून आत जाण्यासाठी माणूस काय काय गहाण टाकायला तयार होतो, हे या खटल्यात स्वच्छ दिसतं.

गहाण टाकूनही हाती काही आलं नाही. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना याच न्यायालयानं सांगितलं होतं की गोरा म्हणजे कातडीनं गोरा नव्हे, कॉकेशियन वंशाचा; म्हणून तुम्ही अपात्र. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, थिंड यांना सांगितलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. म्हणून तुम्हीही अपात्र. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड, आणि ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले स्थलांतरित होते. एका खटल्यात शास्त्र प्रमाण, दुसऱ्यात लोकसमज प्रमाण. निष्कर्ष मात्र ठरलेला. पात्रता हा माणसाचा गुण असता तर मोजपट्टी बदलावी लागली नसती.

निकालानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, अशा हिंदुस्थानी लोकांचंही ते काढून घेणं सुरू झालं. मोझुमदारांचं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बगई यांचं गेलं. त्यांनी १९२८ मध्ये आपलं जीवन संपवलं. जाण्यापूर्वी वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या भोवती सगळीकडून उभ्या राहिलेल्या अडथळ्यांबद्दल लिहिलं होतं.

हे विशेषण एका कायद्यात थांबलंही नाही. वॉशिंग्टन राज्यानं १९२१ मध्ये परकीयांच्या जमीनधारणेवर कायदा केला. नागरिक होण्याचा इरादा ज्यानं रीतसर जाहीर केलेला नाही, त्याला शेतजमीन विकत तर सोडाच, भाडेपट्ट्यानंही घेता येऊ नये, अशी तरतूद झाली. जो नागरिक होऊच शकत नाही तो इरादा कसा जाहीर करणार? किंग काउंटीतल्या एका गोऱ्या जमीनमालक दांपत्याला आपली जमीन एका जपानी शेतकऱ्याला पट्ट्यानं द्यायची होती. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये कायदा वैध ठरला. न्यायालयाचं म्हणणं असं की जो नागरिक नाही आणि होऊ शकत नाही, त्याला या राज्याच्या हिताची आस्था असेल असं गृहीत धरता येत नाही. हे चक्र नीट पाहण्यासारखं आहे. आधी कायद्यानं माणसाला अपात्र केलं, मग अपात्रतेवरून त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतली, आणि त्या शंकेवरून जमीन नाकारली. पुढच्याच वर्षी, १९२४ च्या कायद्यानं, नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना देशात स्थलांतरित म्हणून येण्याचीच बंदी झाली. वॉशिंग्टनमधला जमिनीचा कायदा मतदारांनी रद्द केला तो १९६६ साली.

आता याच काळातल्या दोन वेगळ्या माणसांकडे पाहू. त्यांपैकी एक वाँग किम आर्क. जन्म सॅन फ्रान्सिस्कोत, आईवडील चिनी, धंदा स्वयंपाक्याचा. चीनहून परतताना १८९५ मध्ये त्यांना बंदरावर अडवण्यात आलं. आपण इतर चिनी माणसांपेक्षा वरचे आहोत, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूनं झाला नाही. त्यांची बाजू एवढीच होती : राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती सांगते की इथे जन्मलेला आणि इथल्या अधिकारक्षेत्रात असलेला माणूस नागरिक आहे, ते इथे जन्मले होते, म्हणून नागरिक. ही दुरुस्ती १८६८ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी झाली होती. मार्च १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाँग यांचं म्हणणं मान्य केलं. ते जिंकले ते सर्वांना लागू असलेल्या नियमावर, आणि म्हणून त्यांचा विजय पुढच्या प्रत्येक स्थलांतरिताच्या लेकराच्या उपयोगी पडला. थिंड जिंकले असते तर त्या विजयातून वाटा किती जणांना मिळाला असता?

दुसरे डॉ. आंबेडकर. ज्या जुलै महिन्यात थिंड सिएटलला उतरले, त्याच जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात मे १९१६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या जातिसंस्थेवर निबंध वाचला. हिंदुस्थानातले लोक अनेक वंशांच्या मिश्रणातून घडलेले आहेत, आणि जात म्हणजे अशा एकजीव झालेल्या समाजावर जातीतल्या जातीत लग्नाच्या बंधनानं घातलेली कुंपणं आहेत, असं त्यांनी मांडलं. एकाच देशात, एकाच दशकात, एकीकडे न्यायालयांत शुद्ध रक्ताचे दाखले दिले जात होते आणि दुसरीकडे पंचविशीतला एक महार विद्यार्थी शुद्ध रक्ताची कल्पनाच खोडून काढत होता. नागरिकत्वाची लढाई लढणाऱ्यांना खरं शहाणपण कुठे मिळालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

हिंदुस्थानी लोकांसाठी दार किलकिलं झालं ते जुलै १९४६ मध्ये, ल्यूस-सेलर कायद्यानं. नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि वर्षाला १०० जणांना येण्याची मुभा. पुरतं उघडलं ते १९६५ च्या कायद्यानं. तो कायदा आला तो काळ काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीचा होता. अल्पवयीन मुलामुलींनी पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे मारे झेलले, मतदानाच्या हक्कासाठी माणसं मेली, त्यातून देशाची जनभावना बदलली आणि वंशावर आधारलेली स्थलांतराची व्यवस्था टिकणं अवघड झालं. बॉथेलमधल्या आपल्या प्रत्येक घराच्या पायात हे श्रम आहेत. आपण परीक्षा दिल्या, उत्तम काम केलं, हे खरंच. पण तितक्याच हुशार पिंगळ्यांच्या काळात हीच हुशारी नागरिकत्वासाठी बिनकामाची होती.

आणि पात्रतेची रेषा पुसली गेलेली नाही. नोकरीसाठीचा एच-वन-बी व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना त्यापुढे मुदतवाढ मिळत राहते. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली साधारण सात टक्के. देश म्हणजे जन्माचा देश; नागरिकत्व बदललं तरी तो बदलत नाही. म्हणून भारतात जन्मलेल्या माणसाच्या प्रायॉरिटी डेटची, म्हणजे रांगेतल्या त्याच्या तारखेची, पाळी वर्षानुवर्षं येत नाही. त्याचं भारतातून आणलेलं तान्हं मूल इथल्याच शाळेत शिकतं, इथलंच इंग्रजी बोलतं, आणि एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या अर्जावर अवलंबून राहायला अपात्र होतं. ‘एज आउट’ हा शब्द मराठी आया एकमेकींशी बोलताना ज्या स्वरात उच्चारतात, त्यात सगळी रांग ऐकू येते.

जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांनी काढलेल्या आदेशानं ही रेषा आणखी खोल ओढली. आईचं इथलं वास्तव्य कायदेशीर पण तात्पुरतं असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर इथे जन्मणाऱ्या बाळाला जन्मसिद्ध नागरिक मानू नये, असं त्यात म्हटलं होतं. एच-वन-बी आणि त्याच्या जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर असलेली मराठी जोडपी नेमकी याच वर्णनात बसतात. वॉशिंग्टनसह चार राज्यं सिएटलच्या संघीय न्यायालयात गेली आणि न्यायाधीश जॉन कॉफनॉर यांनी तीन दिवसांत आदेशाला तात्पुरती मनाई केली. हा आदेश उघडउघड घटनाविरोधी असल्याचं त्यांनी न्यायालयात सांगितलं. त्या मनाईला आधार होता चौदाव्या दुरुस्तीचा आणि वाँग किम आर्क यांच्या निकालाचा. वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण मराठी बाळाच्या पाळण्याशी त्या दिवशी कोण उभं राहिलं, हे आपण लक्षात ठेवायला हवं : गुलामीतून सुटलेल्यांसाठी लिहिलेली दुरुस्ती आणि एक चिनी स्वयंपाकी. शुद्ध आर्य रक्ताचा दाखला तिथे कुणाच्या कामाला आला नाही.

आईवडिलांचं विशेषण मुलाच्या कपाळी येणं महाराष्ट्राला अनोळखी नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमातीच्या जमाती ‘गुन्हेगार’ ठरवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत जन्मलेलं मूल चालायला लागण्याआधी गुन्हेगार होतं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. त्या जमातींतल्या पारध्याच्या पोराकडे गावानं पाहण्याची नजर त्या तारखेला गेली नाही. आजही मुंबईच्या झोपडपट्टीत एक तारीख माणसाचं घर ठरवते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर मोफत घराला पात्र, त्यानंतरचा असेल तर नियम वेगळा. त्याच गल्लीत, त्याच गटाराशेजारी, एकाच कारखान्यात राबणाऱ्या दोन कुटुंबांतली एक पात्र आणि एक अपात्र. लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून दीड हजार रुपये घेणाऱ्या कित्येक बायकांना निवडणूक झाल्यावर कळवण्यात आलं की त्या निकषांत बसत नाहीत. निकष आधीच होते. पाहायचे केव्हा, हे ठरवणारा दुसरा होता.

यावर एक रास्त आक्षेप येतो. राज्य चालवायचं तर निकष लागणारच. सगळ्यांना सगळं देता येत नाही, आणि कोणत्याही देशाला आपल्या सीमेवर काही अटी ठेवण्याचा हक्क आहे. मला हे मान्य आहे. वाद निकष असावेत की नसावेत हा नाहीच. माणसाला आपल्या कृतीनं पूर्ण करता येईल अशी अट आणि जन्मानं कपाळी मारलेली अट यांत फरक करायला हवा. इतकी वर्षं कर भरा, भाषा शिका, गुन्हा करू नका, या अटी पहिल्या प्रकारच्या. गोरे असा, अमुक देशात जन्मलेले नसा, या दुसऱ्या. अट आधी जाहीर असावी, मध्येच मोजपट्टी बदलू नये, आणि अपात्र ठरलेल्याला कारण विचारण्याची व दाद मागण्याची जागा असावी. ओझावा आणि थिंड यांच्या निकालांत मोजपट्टी बदलली. लाडकी बहीण योजनेत निकष नंतर आठवले. या कसोट्या लावल्या की निकष आणि मनमानी वेगळे करता येतात.

याच कसोट्या आपण स्वतःलाही लावायला हव्यात. थिंड यांच्या निकालाला शंभर वर्षं झाल्यावर दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारी २०२३ ला, सिएटलच्या नगर परिषदेनं जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तो मांडणाऱ्या नगर परिषद सदस्य क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. काही भारतीय संघटनांनी विरोध केला. एका समाजाला वेगळं काढून संशयाच्या जागी उभं केलं जातंय, असं त्यांना वाटलं. ती भीती मला समजते, कारण परदेशात आपल्या माणसांवर बोट रोखलं जाणं दुखतंच. तरीही मी या कायद्याच्या बाजूनं आहे. जन्मावरून नाकारलं जाण्याचा अनुभव ज्यांच्या फाइलीत नोंदलेला आहे, त्यांनी तोच अनुभव आपल्यातल्या दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये म्हणून पुढे यायला हवं. सिएटलचा कायदा बॉथेलच्या हद्दीत लागू नाही. इथे ती जबाबदारी आपल्या मंडळांवर, आपल्या कार्यालयांवर, घर भाड्यानं देणाऱ्या आपल्याच माणसांवर आहे.

ग्रीन कार्डच्या चर्चेत आपल्या तोंडी एक वाक्य वारंवार येतं : आम्ही रांगेत उभे राहिलो, कायद्यानं आलो, कर भरला, ते लोक तसे नाहीत. ‘ते लोक’ म्हणजे कधी मेक्सिकोची सीमा ओलांडून आलेले, कधी आश्रय मागणारे. या वाक्यातली तक्रार खरी आहे, रांग अन्यायाचीच आहे. पण वाक्याचा उत्तरार्ध थिंड यांच्या वकिलांचा आहे. दुसऱ्याला खाली दाखवून मिळवलेली पात्रता देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते, आणि ती मर्जी फिरली की ‘कायदेशीर’ला ‘पण तात्पुरतं’ जोडायला एक ओळ पुरते.

म्हणून मागणी वेगळ्या शब्दांत करायला हवी. प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा जन्मदेशावर का, असं विचारावं. इथे वाढलेल्या मुलाला एकविसाव्या वाढदिवशी परकं का करता, असं विचारावं, आणि विचारताना आई भारतीय आहे की ग्वाटेमालाची, हे पाहू नये. मुंबईत तारखेच्या एका बाजूच्या कुटुंबानं दुसऱ्या बाजूच्या कुटुंबाच्या अर्जावर साक्षीची सही करावी. पात्र ठरल्याचा आनंद जरूर करावा, पण त्याच दिवशी नियम पुन्हा वाचावा आणि त्यानं कुणाला बाहेर ठेवलं ते पाहावं. पात्र माणसाच्या शब्दाला अपात्र माणसाच्या शब्दापेक्षा अधिक वजन मिळतं, हा त्या रेषेचाच अन्याय आहे. जोवर ती आहे तोवर ते वजन बाहेर उभ्या असलेल्यांच्या बाजूनं टाकणं हेच पात्र ठरलेल्या माणसाचं कर्तव्य आहे.